नेट चालता, पण व्यायामाचा ॲप उघडना नाय!
(डिजिटल साक्षरता : या महिन्याचा धडा)

मैत्रिणींनो, आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे. शेत, मासळी, काजू, घरगुती खानावळ यांतून वेळ काढून बऱ्याच जणी आता मोबाईलवर बघून योगासने करतात. आयुष मंत्रालयाने २०२१ साली आणलेल्या ‘वाय-ब्रेक’ ॲपमध्ये तर फक्त ५ मिनिटांची आसने आहेत. काही जणी महिन्याची फी भरून ऑनलाईन वर्गाला बसतात. वर्ग सकाळी ६ ला सुरू होतो आणि नेमका तेव्हाच ॲप गोल गोल फिरत राहतो. चार दिवस असं झालं की व्यायाम सुटतो आणि भरलेले पैसेही जातात. म्हणून बिघाड नेमका कुठे आहे, हे शोधायला शिकूया.

भांडण कशाचं असतं?

तारकर्ली-देवबागसारख्या गावांत घरी पाहुणे ठेवणाऱ्यांकडे बहुतेक वेळा दोन डबे असतात. एक कंपनीने बसवलेला फायबरचा डबा, दुसरा पाहुण्यांच्या खोलीसाठी आपण विकत आणलेला राउटर. वायफायवरच्या प्रत्येक मोबाईलला राउटर एक नंबर देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. हा आपल्या घर नंबरासारखाच. आता वाडीत दोन माणसं वेगवेगळी फिरून घर नंबर द्यायला लागली तर? एकच नंबर दोन घरांना पडेल आणि पोस्टमन गोंधळेल. दोन्ही डबे नंबर वाटायला लागले की घरातही तसंच होतं. कधी नेट चालतं, कधी अडतं.

दोन्ही डब्यांच्या खालचं स्टिकर बघा. दोन्हीवर १९२.१६८.१.१ असा एकच आकडा असेल, तर भांडणाचं कारण बहुतेक तिथेच आहे.

शोध कसा घ्यायचा?

१. वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करून ॲप उघडा. उघडला, तर दोष घरच्या वायफायकडे. नाही उघडला, तर ॲप अपडेट करा आणि मोबाईलची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते पाहा. वेळ चुकीची असली तरी ॲप अडतो.

२. आता फक्त कंपनीच्या डब्याच्या वायफायला जोडा. इथे चाललं आणि दुसऱ्या राउटरवर अडलं, तर गोंधळ दुसऱ्या राउटरचा.

३. बाकी सगळं उघडतं, एकच ॲप अडतो? मग मोबाईलच्या सेटिंगमध्ये व्हीपीएन बंद करा आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ ऑटोमॅटिकवर ठेवा. जाहिराती थांबवणारा ॲप टाकला असेल तर तोही बंद करून पाहा.

४. टीव्हीवर व्यायाम दिसत नाही? मोबाईल आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. एक घरच्या आणि एक पाहुण्यांच्या वायफायवर असेल, तर त्यांची गाठ पडत नाही.

उपाय

पावसात लाईट गेली-आली की दोन्ही डबे एकदम सुरू होतात, तिथूनही गोंधळ होतो. दोन्ही बंद करा. आधी कंपनीचा डबा लावा, ३ मिनिटं थांबा, मग दुसरा राउटर लावा. मोबाईलमध्ये ते वायफाय ‘फर्गेट’ करून पासवर्ड टाकून परत जोडा.

कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडणे. मग नंबर वाटायचं काम एकटा कंपनीचा डबा करतो, दुसरा फक्त वायफाय लांबवर पोचवतो. ही सोय नसेल, तर दुसऱ्याचं ‘डीएचसीपी’ बंद करायचं, त्याचा आकडा १९२.१६८.१.२ करायचा आणि कंपनीच्या डब्याची वायर त्याच्या ‘लॅन’ भोकात लावायची. स्वतःला जमत नसेल तर केबल जोडणाऱ्या माणसाला एवढंच सांगा, “दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट करून दे.” बदल करण्याआधी जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा.

हे मात्र करू नका

- कंपनीच्या डब्याचं बारीक ‘रीसेट’ बटण काडीने दाबू नका. कंपनीने भरलेली सेटिंग पुसली जाते आणि नेटच बंद पडतं.
- कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका. बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला नंबरच वापरा.
- नेट दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही. कोणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन दाखवणारा ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवा.

बैठकीत करून पाहा : ज्यांच्या घरी दोन डबे आहेत त्यांनी दोन्ही स्टिकरांचे आकडे लिहून आणावेत. पासवर्डचा भाग मात्र झाकायचा. आकडे जुळले की पुढचं काम काय, ते गटातच ठरवा.