तीन झडपा आणि चार झडपा

तंजावूरच्या राजवाड्यात दुसरे सरफोजीराजे भोसले (१७७७–१८३२) यांच्या शास्त्रीय उपकरणांत एक निर्वात पंपही होता. सिलिंडर, दट्ट्या व झडप हे त्याचे मुख्य अवयव. मोटारीच्या एंजिनाचेही तेच. फरक वेळेचा. पंप चालविणाऱ्याला घाई नसते. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात मात्र दट्ट्याची एक धाव सेकंदाच्या दोनशेव्या भागात संपते, आणि तेवढ्यात जळालेला वायू बाहेर जावा लागतो.

झडप थोडी उचलली असता वायूला वाट मिळते ती तिच्या कडेभोवतीच्या फटीतून; परीघ गुणिले उचल एवढी. (उचल व्यासाच्या चतुर्थांशापुढे गेली, की फारसा लाभ उरत नाही.) तीन झडपांच्या शीर्षात दोन झडपा हवा आत घेण्याच्या व एक निष्कासाची असते; चारांत दोन-दोन. म्हणजे हवा आत घेण्यात दोहोंत मोठा भेद नाही. खरा भेद निष्कासात आहे. समजा, एकीकडे ३६ मिलिमीटर व्यासाची एक निष्कास झडप आहे, दुसरीकडे २६ मिलिमीटरच्या दोन. तोंडांचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच. परंतु ५ मिलिमीटर उचलीला पहिली ५६५ चौरस मिलिमीटर वाट देते, दुसरी जोडी ८१७.

मग तीन झडपा कोणी का पत्कराव्यात? मर्सिडीज-बेंझने १९९७ मध्ये सहा सिलिंडरांच्या एंजिनात त्या पत्करल्या, त्या उष्णतेसाठी. निष्कासमार्ग एकच असल्याने त्याच्या भिंतींचे क्षेत्र कमी, वायू तापलेला राहतो आणि धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक लवकर कामाला लागतो. २००४ मध्ये त्याच कंपनीच्या नव्या सहा सिलिंडरी एंजिनात चार झडपा परत आल्या.