वृद्ध अश्वांचे दंतविकार : अग्निमांद्य म्हणण्यापूर्वी

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे व औषधी विक्रेत्यांकडे ‘जनावर खात नाही, काही पाचक द्या’ अशी मागणी वरचेवर येते. साखरशेत (ता. जव्हार) येथे वरातीसाठी पाळलेल्या एका वृद्ध घोडीच्या मालकाने ती माझ्याकडेही केली. घोडी वाळत चालली होती. मी तिला न पाहताच हिंग्वाष्टक चूर्ण सुचविले. पंधरवड्यानंतर प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा ती गवतावर अधाशासारखी तुटून पडत होती. मात्र थोडे चावून ओला बोळा खाली टाकीत होती. क्षुधा होती, चर्वण होत नव्हते. चूक माझी होती, म्हणूनच ती येथे नमूद करीत आहे.

अश्वाची दाढ मानवी दाढेसारखी नसते. सुश्रुतोक्त दंतरोगांची नावे तिला जशीच्या तशी लावू नयेत. तिचा बराच भाग जबड्यात दडलेला असतो व झीज होईल तसा वर्षाला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वर सरकतो. हा साठा साधारणतः २५ ते ३० वर्षे पुरतो. पुढे दात हलतो व पडतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पाचव्या वर्षानंतर तीन-तीन वर्षांचे टप्पे सांगितले आहेत : कालिका, पीता, शुक्ला, काचा, माक्षिक, शंख, अवट, चलन आणि दंतपात. हिशेब केल्यास चलन २७व्या व पतन ३०व्या वर्षी सुरू होते. आधुनिक निरीक्षणाशी हे किती जुळते, हे वाचकांनीच पाहावे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आजही जाणकार आधी तोंड उघडून पाहतो. परंतु खरेदीनंतर ते तोंड पुन्हा कोणी उघडीत नाही.

वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांची बाहेरची व खालच्या दाढांची आतली कड धारदार होते आणि गाल व जीभ सोलवटतात. एक दाढ पडली की समोरची वाढत जाते. फटीत चारा कुजून हिरडी पिकते. वरच्या मागील दाढांची मुळे नासाकोटरांलगत असल्याने एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येतो. त्यास प्रतिश्याय समजून नस्य देण्याचा मोह टाळावा. लिदीत लांब, न चावलेले धागे दिसणे ही सर्वांत सोपी खूण. अशा प्राण्यास अन्ननलिकेत घास अडकणे व पोटशूळ यांचा धोका असतो.

उपचार औषधाचा नसून कानशीचा आहे, आणि तो नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार तो आपला अधिकार नाही. बांबूच्या नळीतून काढा पाजण्याची रीत तर घातकच; औषध श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसदाह होतो. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे पर्यटकांची वाहतूक घोड्यांवर अवलंबून आहे, तिथे वर्षातून एकदा, व पंधरा वर्षांपुढील प्राण्यांची सहा महिन्यांनी, दंततपासणी व्हावयास हवी.

आहाराबाबत मात्र आपण सल्ला देऊ शकतो. चारा बारीक कापून, भरपूर पाण्यात भिजवून द्यावा. हरभरा भिजवून भरडावा. नुसत्या कोंड्यावर ठेवल्यास कॅल्शियमचे संतुलन बिघडते, आणि वृद्ध तट्टांना गुळाने खुरांचा दाह होऊ शकतो.

पशुवैद्यांना साखरशेतच्या घोडीच्या दोन दाढा पडलेल्या व एक हलती आढळली. हलती दाढ काढून, कडा घासून, भिजवलेला आहार सुरू केल्यावर दीड महिन्यात तिने अंग धरले. वरातीचे काम मालकाने बंद केले आहे.