आर्टेमियाला पहिल्या दिवशी भूक नसते

आर्टेमिया हा मिठागरांत आणि खारट तळ्यांत वाढणारा, जेमतेम १ सेंटिमीटर लांबीचा कवचधारी जीव. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बरणीत तो पाहिला की लोक त्याला जवळाच समजतात. जवळा मात्र समुद्रातला. आर्टेमिया तिथे टिकत नाही, मासे त्याला शिल्लक ठेवत नाहीत. माशांना सोसणार नाही अशा खारटपणात तो निर्धास्त वाढतो. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतून त्याची नोंद झालेली आहे.

बाजारात मिळणारी तपकिरी अंडी म्हणजे सुप्त गर्भ. कोरडी राहिली तर ती वर्षानुवर्षे टिकतात. रत्नागिरीच्या दमट हवेत उघडा डबा मात्र लवकर वाया जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून ती फ्रिजमध्ये ठेवावीत.

पाणी जेटीलगतचे घेऊ नये. त्यावर डिझेलचा तवंग असतो, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून त्यात लिटरला ३० ग्रॅम जाडे मीठ विरघळवावे. चिमूटभर अंडी, वर दिवा आणि मत्स्यपेटीचा छोटा हवापंप, एवढ्यावर २४ ते ३६ तासांत पिल्ले बाहेर येतात.

प्रस्तुत लेखकाची पहिली बरणी इथेच गेली. केशरी ठिपके उजेडाकडे झेपावताना दिसले आणि त्याच संध्याकाळी पाव चमचा यीस्ट पाण्यात पडले. सकाळी पाणी ताकासारखे झाले होते. दुपारी तळाशी केशरी गाळ बसला. पिल्ले उपाशी मेली नव्हती, गुदमरली होती. यीस्टवर माजलेल्या जीवाणूंनी पाण्यातला प्राणवायू संपवला होता.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला खाताच येत नाही. ते पोटातल्या पिवळ्या बलकावर जगते. केशरी रंग त्याचाच. साधारण अर्ध्या दिवसात ते पहिली कात टाकते आणि मग खाऊ लागते. हा बदल सूक्ष्मदर्शकाखाली ४० पट वर्धनात स्पष्ट दिसतो: कपाळावर एकच डोळा, वल्ह्यांसारखी हलणारी मोठी स्पर्शके, आणि खाणे सुरू झाले की पारदर्शक शरीरातून जाणारी आतड्याची गडद रेघ. ती रेघ दिसेपर्यंत बरणीत काहीही घालू नये. नंतरही यीस्ट सुईच्या टोकावर मावेल एवढेच, आणि आधीचे पाणी निवळल्यावरच द्यावे. हिरवे शेवाळपाणी दिल्यास आतडे हिरवे दिसते. ते पाहणे हा या छंदातला खरा आनंद आहे.

निरीक्षणासाठी खळगा असलेली काचपट्टी वापरावी. सपाट पट्टीवर वरच्या काचेखाली पिल्लू चिरडते, आणि दिव्याच्या उष्णतेने थेंब लवकर आटून खारट होतो. बरणीतले पाणी आटले तर भर साध्या पाण्याची घालावी, मिठाच्या नव्हे. मीठ उडून जात नाही.

दोन-तीन आठवड्यांत वाढलेला आर्टेमिया पोट उजेडाकडे करून उलटा पोहू लागतो. पायांच्या ११ जोड्या लाटेसारख्या हलतात. पोहणे, श्वास घेणे आणि अन्न गाळणे त्यांच्याच जिवावर चालते.

उरलेले जीव खाडीत किंवा मिठागरात सोडू नयेत. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकची अंडी जगभर विकली जातात, आणि त्या जातीने इतर देशांत स्थानिक आर्टेमियाला मागे सारले आहे. मत्स्यपेटीतल्या माशांना ते खुशाल घालावेत.