उतरता भाव आणि गुंतवणूकदाराचे मन

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरी पेठेमुळे कोल्हापूरचा गूळव्यापार भरभराटीस आला. भाव उतरला म्हणजे माल विकावा की राखावा, हा प्रश्न या पेठेस नवा नाही. मात्र पावसाळी हवेत गूळ पाघळतो, काळवंडतो. त्यामुळे निर्णय फार लांबविता येत नाही. शेअर नासत नाही, म्हणून धारकाची आशाही लांबत जाते.

लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख अधिक तीव्र असते, असे डॅनिअल काह्नेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये प्रतिपादिले. धारक खरेदीचा भाव मनात धरून बसतो. विकेपर्यंत तोटा कागदावरच आहे, अशी तो स्वतःची समजूत घालतो. नफ्यातील शेअर मात्र घाईने विकतो. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर गेलेला मुंबईचा निर्देशांक मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या घरात आला. निर्देशांक पुढे सावरला. बुडालेल्या कंपन्यांचे शेअर सावरले नाहीत.

निवृत्तीची पुंजी गुंतविणाऱ्याने म्हणूनच एक प्रश्न स्वतःस विचारावा : आज हाती रोख रक्कम असती, तर याच भावाने हा शेअर घेतला असता काय? उत्तर नकारार्थी असेल, तर तो राखण्यास जुना खरेदीभाव हे कारण पुरेसे नाही.