पत्ता आपल्या मालकीचा असावा

चि. सौमित्र यास,


तुझ्या जीमेलची १५ जीबी जागा भरत आली आहे, ऑफिसात कोणी झोहोचं कौतुक करतं तर कोणी प्रोटॉनचं, आणि आपणही सेवा बदलावी का, असं तू विचारलं आहेस. निवाडा आधी सांगतो, कारणं मागून देतो. जागा भरली किंवा चार जण गेले एवढ्यासाठी सेवा बदलू नकोस. मात्र ज्या पत्त्यावर तुझे सगळे व्यवहार टांगलेले आहेत, तो पत्ता कायम दुसऱ्याच्या मालकीचा राहू देऊ नकोस. टपाल सांभाळणं हे एक काम आणि पत्ता ही वेगळी गोष्ट. मोफत ई-मेलमध्ये दोन्ही एकाच कंपनीच्या हाती जातात, आणि सेवांची तुलना करणारे बहुतेक लोक फक्त टपालाच्या सोयींची तुलना करून थांबतात.

या विषयाचा एक धागा तुझ्या शेजारूनच जातो. तू एयरोसिटीत राहतोस. तिथून जवळ असलेल्या चंडीगडमध्ये हॉटमेलचे एक संस्थापक सबीर भाटिया १९६८ साली जन्मले, आणि शाळेची काही वर्षं त्यांनी पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये काढली. पुढे कॅलिफोर्नियात ते आणि जॅक स्मिथ एकाच कंपनीत नोकरीला असताना तिथल्या फायरवॉलमुळे त्यांना आपापला खासगी मेल ऑफिसातून पाहता येत नसे. कोणत्याही संगणकावर ब्राउझर उघडावा आणि आपली पत्रं वाचावीत, ही कल्पना त्या अडचणीतून निघाली. ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हॉटमेल सुरू झालं. तोवर बहुतेकांचा पत्ता नोकरीच्या ठिकाणचा किंवा इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीचा असे. नोकरी सुटली किंवा जोडणी बंद झाली की पत्ताही गेला. हॉटमेलने लोकांना त्या बंधनातून सोडवलं हे खरं, पण सोडवताना स्वतःशी बांधून घेतलं. १९९७ संपता संपता मायक्रोसॉफ्टने सुमारे ४० कोटी डॉलरना ती सेवा विकत घेतली आणि २०१३ पर्यंत सगळे ग्राहक आउटलुकमध्ये हलवले. जुने हॉटमेलचे पत्ते चालू राहिले, पण ते मायक्रोसॉफ्टने ठरवलं म्हणून. त्याच २०१३ साली आपल्याकडच्या इंडियाटाइम्सने आपली ई-मेल सेवा बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशन या कंपनीने स्किफ ही गोपनीयतेसाठी नावाजलेली सेवा विकत घेतली आणि ऑगस्टपर्यंत ती गुंडाळली. पत्ता राहिला काय किंवा गेला काय, ग्राहकाला त्यात बोलायला जागा नव्हती.

आता तुझा पत्ता काय काय उघडतो ते बघ. बँक, डीमॅट, भविष्य निर्वाह निधी, आयआरसीटीसी, विमा, कुठलीही खिडकी घे. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर बोट ठेवलं की नव्या पासवर्डचा दुवा बहुतेक वेळा त्याच पत्त्यावर येतो. म्हणजे तो पत्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाकीच्या किल्ल्या. आयकर खात्याची नोटीस नोंदवलेल्या ई-मेलवर पाठवली की ती रीतसर बजावलेली धरता येते. तू ती उघडली नाहीस, ही सबब चालत नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट असूनही तिला मोबाइल नंबरइतकंही संरक्षण नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी तुझ्या शेजारच्या हरियाणातून सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. तेव्हापासून कंपनीवर नाराज झालेला माणूस नंबर घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो. जीमेलचा पत्ता घेऊन झोहोकडे किंवा झोहोचा पत्ता घेऊन आउटलुककडे जाता येत नाही. बदलण्याचा खरा खर्च आहे तो हा. जुनी पत्रं हलवणं त्यामानाने किरकोळ काम आहे.

हे लक्षात ठेवून सेवांकडे बघ, आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचार: हिचं पोट कशावर भरतं? जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागा घेऊन आली, तेव्हा हॉटमेल २ एमबी देत असे. लोकांना ती एप्रिल फूलची थट्टाच वाटली. गूगलचं पोट मुख्यतः जाहिरातींवर भरतं. जाहिराती नेमक्या करण्यासाठी मेलमधला मजकूर तपासणं थांबवत असल्याचं त्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलं, पण पत्रपेटीतल्या जाहिराती आहेतच. आउटलुकची मोफत पेटी १५ जीबीची आहे आणि तीही जाहिराती दाखवते. याहूचा मोठा धडा सुरक्षिततेचा आहे: २०१३ मधल्या चोरीत त्यांची सगळी, म्हणजे ३ अब्ज खाती उघडी पडली होती, हे २०१७ मध्ये कबूल झालं. झोहो वैयक्तिक खात्याला ५ जीबी देते आणि जाहिराती दाखवत नाही, कारण तिचं उत्पन्न पैसे भरणाऱ्या कंपन्यांकडून येतं. स्वित्झर्लंडची प्रोटॉन १ जीबी आणि दिवसाला १५० पत्रांची मर्यादा देते. मोफत ग्राहकांचा भार तिचे पैसे भरणारे ग्राहक उचलतात. माझ्या मते शेवटच्या दोघींचा हिशोब अधिक सरळ आहे. तरी मोफत खातं जाहिरातींवर चालो की दुसऱ्यांच्या वर्गणीवर, धोरण बदललं तर मोफत ग्राहकाच्या हाती फारसं काही उरत नाही.

जागेचा प्रश्न यात सर्वांत लहान आहे. तुझे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत, आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. पेटी पत्रांनी भरल्यासारखी वाटते, पण पुष्कळदा ती सुप्रभातच्या चित्रांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली असते. जागा पूर्ण संपली की मात्र येणारा मेल अडतो आणि पाठवणाऱ्याकडे परत जातो. त्यात बँकेचं पत्रही असू शकतं. म्हणून आधी बॅकअपमधून व्हिडिओ वगळ, १० एमबीहून मोठी जोडपत्रं शोधून काढून टाक आणि कचऱ्याची पेटी रिकामी कर. एका रविवारचं काम आहे. तेवढ्यासाठी घरदार हलवायचं कारण नाही.

‘झोहो भारतीय आहे, मग तिकडेच जावं’ असं तुझे मित्र म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. कंपनी चेन्नईची आहे, तक्रार करायची वेळ आली तर कायदा आणि कचेरी दोन्ही जवळ आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहमंत्री अमित शाह यांनी झोहो मेलवरचा आपला नवा पत्ता जाहीर केला, तेव्हा या चर्चेला आणखी जोर आला. पण सरकारने स्वतःसाठी जे केलं ते अधिक बारकाईने बघ. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसह सुमारे १२ लाख सरकारी खाती एनआयसी या सरकारच्याच संस्थेच्या जुन्या यंत्रणेवरून झोहोच्या यंत्रणेवर हलवली गेली, आणि तरीही पत्त्याच्या शेवटी असलेलं एनआयसी डॉट इन किंवा जीओव्ही डॉट इन बदललं नाही. ज्याला पत्र पाठवायचं त्याला काही कळवावं लागलं नाही. उद्या सरकारला दुसरी कंपनी बरी वाटली तर तिकडेही जाता येईल. हे शक्य झालं, कारण डोमेन, म्हणजे पत्त्याचा तो शेवटचा भाग, सरकारच्या मालकीचं आहे आणि झोहो फक्त टपाल सांभाळते. देशी की परदेशी या वादापेक्षा हा धडा मोठा आहे.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. लपवण्यासारखं काही नसताना प्रोटॉन कशाला, असं काही जण म्हणतात. तर काहींना प्रोटॉन घेतलं की सगळं झाकलं जातं असं वाटतं. पगार, आजारपण, कर्ज, घरातले मतभेद हे सगळं मेलमधून जातं. ते झाकून ठेवण्यात गैर काहीच नाही. पण प्रोटॉनचं पक्कं कुलूप दोन्ही बाजूंना प्रोटॉन असेल तेव्हाच आपोआप लागतं. तू जीमेलवाल्याला लिहिलंस की त्याची प्रत गूगलकडे राहते. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कार्यवाही करावी, असं केंद्र सरकारला सांगितलं. त्या सेवेवरून एका कंपनीतल्या महिलांविषयी अश्लील मेल पाठवल्याचं ते प्रकरण होतं. एका गुन्हेगारापायी सगळ्या ग्राहकांची पेटी बंद करणं मला योग्य वाटत नाही, पण सेवा चांगली असूनही दार बाहेरून बंद होऊ शकतं, हे त्यातून दिसलं. खासगी पत्रव्यवहारासाठी प्रोटॉन जरूर ठेव. बँकेसाठी तिचा पत्ता देऊ नकोस.

तेव्हा करायचं ते असं. स्वतःच्या नावाचं एक डोमेन घे. डॉट इन साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतं. त्याचं टपाल सुरुवातीला झोहोकडे ठेवता येईल. एका डोमेनसाठी त्यांची मोफत योजना आहे, फक्त ती त्यांच्या ब्राउझर-पेटीपुरती आणि अ‍ॅपपुरती चालते. पुढे सेवा आवडली नाही तर डोमेनच्या नोंदीत टपालाचा सर्व्हर बदल. पत्ता तोच राहील. यातही जोखीम आहे, ती नीट समजून घे. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर दुसरा कोणी ते घेऊ शकतो, आणि मग तुझी पत्रंही त्याच्याकडे जातील. म्हणून काही वर्षांचे पैसे एकदम भर, आपोआप नूतनीकरण चालू ठेव, आणि डोमेन विकणाऱ्याकडच्या खात्याला त्याच डोमेनचा पत्ता देऊ नकोस. तिथे जीमेलच ठेव. दोन टप्प्यांची पडताळणी दोन्हीकडे लाव. मग आधी बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी आणि डीमॅट इथला पत्ता बदल, बाकीचे सावकाश. जीमेल पुसू नकोस. तुझ्या फोनला गूगल खातं लागतंच, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणून अधूनमधून उघडत जा. जुन्या पत्रांची एक प्रत गूगल टेकआउटमधून उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेव.

एवढी खटपट कशासाठी, असं तुला वाटेल, कारण जीमेल आज उत्तम चालते आणि तिची सुरक्षा खरोखर चांगली आहे. मीही तिला नावं ठेवत नाही. पण खटपट ती चालू असतानाच करता येते. खातं अडकलं किंवा सेवा गुंडाळली, की प्रत्येक बँकेला आणि कचेरीला आपली ओळख नव्याने पटवत बसावं लागतं. तू पंचविशीत आहेस, पुढे नोकऱ्या बदलतील, शहरंही बदलतील; आजचे हे काही तास पुढची पुष्कळ वर्षं कामी येतील. या महिन्यात डोमेन घे आणि बँकेपासून सुरुवात कर. कुठे अडलास तर निःसंकोच कळव.

तुझा,
काका