'बा' म्हणजे काय?

आमच्या वडूज भागातली पुष्कळ माणसं सोन्याचांदीच्या गलाईला परमुलखात जातात. माझा बा हुबळीला असतो. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडं गेलो. शेजारची आजी मला म्हणाली, "बा, बा!" मी म्हटलं, "बा कामावर गेलाय." ती हसायला लागली. कानडीत 'बा' म्हणजे 'ये'! मोठ्या माणसांना 'बन्नी' म्हणतात. गुजरातीत 'बा' म्हणजे आई. म्हणून कस्तुरबा गांधींना सगळे 'बा' म्हणत. मराठी आणि गुजराती एका कुळातल्या, कानडी द्राविड कुळातली. शब्द एक, अर्थ तीन. म्हणून ओळखीचा वाटला तरी परक्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ विचारावा.

आता मी बाला फोनवर म्हणतो, "बा, बा!" पहिला मराठी, दुसरा कानडी. त्याला बरोबर कळतं.

– इयत्ता ४ थी