जिप्सीचा गिअरबॉक्स घरी उतरवताना

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सी रोज दिसते, पण तिचं पोट किती जणांनी पाहिलंय?

चाकांना अडण लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली शिरायचं नाही. पोरांनी तर नाहीच. जिप्सीत ट्रान्सफर केस वेगळी, मधे छोटा शाफ्ट. त्यामुळे ती जागेवरच राहते, वजन कमी उतरवावं लागतं. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करा. ऑइल, लिव्हर, क्लच केबल, स्टार्टर काढा. मग गिअरबॉक्सखाली जॅक लावून बेल हाउसिंगचे बोल्ट सोडा आणि सरळ मागे ओढा. इनपुट शाफ्टवर लटकला तर क्लच प्लेट वाकते.

खाली आल्यावर लिव्हर तात्पुरती बसवून पहिला गिअर टाका, पोरांना पुढचा शाफ्ट हाताने फिरवू द्या. मागचा एक फेरा व्हायला पुढचे तीनपेक्षा जास्त लागतात. मोजू द्या त्यांनाच.